गावात पवनचक्की येतेय: पैसा पट्टीने घ्यावा, युनिटमागे, की ‘विकासकामां’तून?

कंपनीचा माणूस ग्रामपंचायतीत येतो तेव्हा त्याच्या पिशवीत ना-हरकत दाखल्याचा मसुदा असतो आणि तोंडी एकच वाक्य: ‘गावासाठी काय करायचं ते सांगा.’ मग कोणी सभामंडप म्हणतं, कोणी वेशीवर कमान, कोणी शाळेला रंग. चहा संपेपर्यंत यादी तयार होते. डोंगरावर पुढची वीस-पंचवीस वर्षं फिरणाऱ्या यंत्रातून पंचायतीला दरवर्षी किती मिळणार, हे मात्र त्या यादीत नसतं.

हा आढावा त्या यादीच्या आधी वाचायचा आहे. तुम्ही सरपंच असाल, सदस्य असाल किंवा ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणारे असाल, तरी निवड तुमच्यापुढे येणारच. माझं मत आधीच सांगून टाकतो. गावातल्या कोणालाही कागदावर आकडा काढून बघता येतो का, आणि पैसा थेट ग्रामनिधीत पडतो का, हे दोन प्रश्न मी आधी विचारेन. रक्कम किती, हा तिसरा.

तुलना एकाच मापाने व्हावी म्हणून एक यंत्र धरू: क्षमता २ मेगावॅट, वर्षभराची सरासरी त्या क्षमतेच्या २५ टक्के. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वीज तयार झाली ४३ लाख ८० हजार युनिट. हे एकच यंत्र चार ठिकाणी उभं केलं तर काय हाती लागतं ते पाहा:

| ठिकाण | हिशेबाचा आधार | एका यंत्राचे वर्षाला | पैसा कोणाकडे |
|---|---|---|---|
| नेब्रास्का (अमेरिका) | मेगावॅटमागे ३,५१८ डॉलर | ७,०३६ डॉलर | काउंटीमार्फत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) स्थानिक संस्थांना |
| मिनेसोटा (अमेरिका) | युनिटमागे ०.१२ सेंट | ५,२५६ डॉलर | काउंटी ८० टक्के, गाव-शहर २० टक्के |
| जर्मनी | युनिटमागे ०.२ सेंटपर्यंत | ८,७६० युरोपर्यंत | अडीच किलोमीटरच्या आतल्या नगरपालिका |
| स्कॉटलंड | मेगावॅटमागे ५,००० पौंड | १०,००० पौंड | गावकऱ्यांचा न्यास |

वरवर पाहता स्कॉटलंड सगळ्यांच्या पुढे. पण तिथला पैसा ऐच्छिक आहे आणि तो स्थानिक सरकारच्या तिजोरीत जातच नाही. नेब्रास्कातला कायद्याने वसूल होतो. नुसता शेवटचा आकडा पाहून ठरवलं तर फसायला होतं.

क्षमतेवर पट्टी

नेब्रास्काने २०१० साली हा मार्ग धरला, त्यामागचं कारण आपल्याही कामाचं आहे. त्याआधी तिथे यंत्राच्या किमतीवर कर होता. कागदोपत्री यंत्राची किंमत पाच वर्षांत घसाऱ्याने उतरत जायची. त्यामुळे सुरुवातीला भरघोस पैसा यायचा आणि नंतर यंत्र फिरतंय तरी कर जवळजवळ नाहीच. म्हणून त्यांनी किंमत बाजूला ठेवली आणि मेगावॅटला हात घातला. यंत्राची क्षमता दरवर्षी बदलत नाही. ती कोणी लपवूही शकत नाही, कारण परवानगीच्या प्रत्येक कागदावर ती असते. दहावी शिकलेल्या पोरालाही गुणाकार करून पंचायतीचं येणं सांगता येतं.

उणीव एकच, पण मोठी: दर कायद्यात छापलेला. महागाई वाढली म्हणून तो आपोआप वाढत नाही. आपल्याकडे करार करताना दरवर्षी ठरावीक टक्के वाढ लिहून घेतली नाही, तर दहाव्या वर्षी हातात येणाऱ्या पैशात आजच्याइतकं काम होणार नाही.

इथे एक सापळा दाखवतो. पुष्कळ ठिकाणी बोलणी ‘एका पवनचक्कीला इतके’ अशी होतात. वनकुसवडे पठारावरची जुनी यंत्रं ३५० किलोवॅटची आहेत. तशी सहा काढून त्यांच्या जागी २.१ मेगावॅटचं एक उभं राहिलं, तर क्षमता तेवढीच राहते, पण नगाप्रमाणे पट्टी घेणाऱ्या पंचायतीचं उत्पन्न एक षष्ठांशावर येतं. जुनी यंत्रं बदलून मोठी बसवण्याचं धोरण केंद्राने २०१६ मध्येच आणलं आहे, तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या येणारच. नगाने घेऊ नका, मेगावॅटने घ्या.

युनिटमागे वाटा

ऐकायला हेच सर्वांत न्याय्य वाटतं: वारा जास्त, वीज जास्त, गावाचा वाटा जास्त. मिनेसोटात २००२ पासून असं चालतं. कंपनी तयार झालेली वीज राज्याच्या महसूल खात्याला कळवते, खातं कर ठरवतं आणि काउंटी वसूल करते. आकडा सांगणारी कंपनी आणि तो तपासणारं खातं वेगवेगळं आहे, म्हणून ते टिकलं.

आपल्याकडे ही कडी कच्ची आहे. पवनचक्क्यांच्या उपकेंद्रावर दर महिन्याला वीज वितरण कंपनी आणि प्रकल्पवाले मिळून मीटरचं वाचन घेतात आणि मग ती वीज यंत्रायंत्रांत वाटून दाखवली जाते. त्या वेळी ग्रामपंचायतीचं कोणी तिथे नसतं आणि त्या कागदाची प्रतही पंचायतीत येत नाही. म्हणजे तुमचा वाटा ज्या आकड्यावर ठरणार तोच तुमच्याकडे नाही. शिवाय महाराष्ट्रातला वारा पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर यंत्रं घोंगावतात, हिवाळ्यात बरीचशी सुस्त. पाऊसमान बदललं की वर्षाचं उत्पन्न खालीवर होतं. पाणीपट्टीच्या वसुलीवर नळयोजनेचं वीजबिल भरणाऱ्या पंचायतीला असं हेलकावणारं उत्पन्न मुख्य आधार म्हणून परवडत नाही. वरकड म्हणून चालेल, तेही मासिक संयुक्त वाचनाची प्रत पंचायतीला देण्याचं कलम करारात असेल तरच.

जर्मनीकडून मात्र दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली, अडीच किलोमीटरचं वर्तुळ. यंत्र ज्या हद्दीत उभं आहे तीच नगरपालिका नव्हे, तर वर्तुळात जिची जमीन येते तिलाही क्षेत्राच्या प्रमाणात वाटा. आपल्या पठारांवर काय होतं? यंत्र एका गावाच्या गटात, अवजड क्रेनची वाट दुसऱ्या गावातून आणि पात्यांचा आवाज तिसऱ्या वाडीला. कर मात्र एकाच पंचायतीचा. शेजारच्या गावांनी बोलणी एकत्र केली तर कंपनीला एकेकाला वेगळं गाठता येत नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून भारी वाटते. असा करार करून दिलेला पैसा म्हणजे लाचलुचपतीच्या कलमांखालचा ‘लाभ’ नव्हे, हे जर्मन कायद्यात शब्दांत लिहिलं आहे. काय चालेल हे असं छापून ठेवलं की काय चालणार नाही हेही आपोआप स्पष्ट होतं. जाता जाता आणखी एक: तिथला व्यवसायकर पूर्वी बराचसा कंपनीचं मुख्यालय असलेल्या शहरात जायचा, २०२१ पासून पवनऊर्जेचा नव्वद टक्के हिस्सा यंत्रं जिथे उभी आहेत तिथे जातो. आपल्याकडे नोंदणीकृत कार्यालय मुंबई-पुण्यात आणि धूळ मात्र धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, यावर अजून तरी तोडगा नाही.

कराऐवजी ठोक रकमेचा करार

न्यूयॉर्क राज्यात पवनऊर्जेला पंधरा वर्षांची करमाफी आहे, पण स्थानिक संस्थेला ‘कराऐवजी रक्कम द्या’ असा करार मागता येतो. अट अशी की कंपनीची सूचना आल्यापासून साठ दिवसांत तसं कळवायचं. मुदत चुकली की हक्क गेला. आणि करारातली रक्कम मूळ करापेक्षा जास्त असू शकत नाही.

आपल्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातही कलम १२४ कर बसवण्याचं आणि कलम १२५ कारखान्याकडून कराऐवजी ठोक अंशदान घेण्याचं. कर नियमांतून येतो. त्याची आकारणी पंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत चढते, मागणी नमुना ९ च्या, पावती नमुना १० ची मिळते आणि थकला तर जप्तीपर्यंत जाता येतं. ठोक अंशदान ठरतं वाटाघाटीतून, आणि वाटाघाटीत एका बाजूला वकिलांची फौज तर दुसऱ्या बाजूला तीन गावांचा कारभार पाहणारा एक ग्रामसेवक. त्यामुळे आधी नियमाप्रमाणे कर किती बसतो हे काढा, मगच ठोक रकमेचं बोला. पवनचक्कीला कलम १२५ लागू करायचं असेल तर गटविकास अधिकाऱ्यांचं लेखी मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

न्यूयॉर्कची खरी शिकवण पैशाची नाहीच. तिथे कंपन्या गावच्या पदाधिकाऱ्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना हाताशी धरतात अशा तक्रारी झाल्या. २००८ मध्ये तेव्हाचे महाधिवक्ता अँड्र्यू क्युमो यांनी चौकशी लावली आणि दोन कंपन्यांकडून आचारसंहितेवर सह्या घेतल्या. नगरपालिकेच्या नोकराला किंवा त्याच्या नातेवाइकाला कामावर घ्यायचं नाही, वर्षात दहा डॉलरपेक्षा जास्त किमतीची भेट द्यायची नाही, पदाधिकाऱ्याचे आर्थिक हितसंबंध जाहीर करायचे. आपल्याकडे मुरूम, डंपर, सुरक्षारक्षक आणि टेहळणीच्या गाड्या यांचे ठेके कोणाच्या मेव्हण्याला आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ते प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, मात्र कधी येत नाही. ठरावाच्या दिवशी प्रत्येक सदस्याने आपले आणि घरच्यांचे कंपनीशी असलेले व्यवहार सांगायचे आणि ते लिहून घ्यायचे, एवढं करायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.

‘विकासकामं’

स्कॉटलंडमध्ये सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेगावॅटमागे ५,००० पौंड, महागाईशी जोडलेले, स्थानिक न्यासाला देण्याची रीत आहे. शेटलंड बेटांवरच्या १०३ यंत्रांच्या, ४४३ मेगावॅटच्या वायकिंग प्रकल्पाचा निधी त्यामुळे वर्षाला बावीस लाख पौंडांच्या आसपास जातो. हे ऐच्छिक असूनही चालतं, कारण दर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कमी देणारा उघडा पडतो.

आपल्याकडची विकासकामं तशी नाहीत. एसटीच्या निवारा शेडवर मोठ्या अक्षरांत ‘सौजन्य’ आणि कंपनीचं नाव, खाली सरपंच-उपसरपंचांची नावं, बाजूला फोटो. खर्च किती आला, ठेका कोणाला होता, पाटीवर काहीच नाही. नमुना ५ च्या रोकडवहीतही नाही, कारण पैसा पंचायतीत आलाच नव्हता. म्हणून स्थानिक निधीच्या लेखापरीक्षकाला तो दिसत नाही आणि माहितीच्या अधिकारात पंचायत सांगते, ‘आमच्याकडे अभिलेख नाही.’ कंपनी ‘सीएसआरमधून (नफ्यातून समाजकामासाठी द्यायच्या पैशातून) देऊ’ म्हणाली तर कंपनी कायद्याचं कलम १३५ आठवा: दोन टक्के द्यायचे ते तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे, आणि प्रकल्पासाठी नव्याने काढलेली कंपनी पहिली काही वर्षं नफाच दाखवत नाही.

जिथे पैशाचा दर कागदावर नसतो तिथे तो दांडगाई करणारे ठरवतात. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी तपास यंत्रणेने ती जोडली आहे आणि खटला न्यायालयात आहे.

मग तुमच्या गावाने काय घ्यावं?

हद्दीत यंत्रं उभी राहणार असतील तर पाया कराचाच ठेवा: नियमाप्रमाणे आकारणी, नमुना ८ वर प्रत्येक यंत्राची वेगळी नोंद. त्यावर जे काही कराराने मिळवायचं ते मेगावॅटमागे, वार्षिक वाढीसह आणि ग्रामनिधीच्या खात्यात धनादेशाने. युनिटमागचा वाटा मिळत असेल तर घ्या, पण त्याच्या भरवशावर अंदाजपत्रक बांधू नका. कमान आणि सभामंडप या सगळ्याच्या वर, बदल्यात नव्हे.

हद्दीतून फक्त रस्ता आणि वाहिन्या जाणार असतील तर गणित उलटतं. तिथे कराला फारसा वाव नाही. रस्त्याची दुरुस्ती, तिची अनामत रक्कम आणि शेजारच्या पंचायतीबरोबर वाटणीचा संयुक्त ठराव, यावर जोर द्या.

नोंद करताना मालकाचं नाव नीट तपासा, कारण पवनचक्की उभारणारा एक, मालक दुसरा आणि देखभाल करणारा तिसरा असं सर्रास असतं. पूर्वी पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीवर ८० टक्के घसारा दाखवून आयकर वाचवता यायचा (२०१७ पासून तो घसारा ४० टक्क्यांवर आला), म्हणून ज्यांचा वाऱ्याशी काही संबंध नव्हता अशा कंपन्यांनीही एकेक-दोनदोन यंत्रं विकत घेतली. मग मागणीची नोटीस साइट ऑफिसला गेली की तिथला सुपरवायझर ‘आम्ही फक्त मेंटेनन्स बघतो’ म्हणून परत पाठवतो आणि थकबाकी वर्षानुवर्षं नमुना ९ मध्ये पुढे ओढली जाते. ना-हरकतीच्या ठरावातच लिहून घ्या की प्रत्येक यंत्राचा मालक, त्याचा नोंदणीकृत पत्ता आणि विक्री झाल्यास नव्या मालकाचं नाव तीस दिवसांत पंचायतीला कळवलं जाईल आणि मागची बाकी नव्या मालकाकडून वसूल होईल. यादीची एक प्रत दर १ मेच्या ग्रामसभेत वाचायला ठेवा, कोणी किती भरलं आणि कोणाचं किती राहिलं यासकट.