वकिलाचं ऑफिस बंद झालं आणि मृत्युपत्राच्या नावावर पैसे उकळणारा फोन आला

ज्यांचं किंवा ज्यांच्या आईवडिलांचं मृत्युपत्र एखाद्या वकिलाकडे ठेवलेलं आहे आणि त्या वकिलांनी आता प्रॅक्टिस बंद केली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या घरी जे झालं ते नागपुरात आणखीही घरांत होत असणार, कारण फोन करणाऱ्याकडे पक्षकारांची आख्खी यादी होती.

बाबांनी 2009 साली मृत्युपत्र केलं. वकील महालातले, जुन्या ओळखीचे, सज्जन. मूळ प्रत त्यांनीच ठेवून घेतली. घरात राहिली तर कोणाच्या तरी हाती लागेल आणि तुमच्या डोळ्यांदेखत भावाभावांत वाद सुरू होतील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पुष्कळ जण असंच करत. आमच्याकडे राहिली ती झेरॉक्स. रजिस्ट्री केलेली नव्हती. करोनानंतर वकीलसाहेबांची तब्येत ढासळली, ते मुलाकडे पुण्याला गेले आणि ऑफिसच्या जागेत दुसरंच दुकान आलं. पक्षकारांना ना पत्र, ना फोन.

पुढे एक दिवस बाबांना फोन आला. ‘काकाजी, साहेबांच्या ऑफिसातले सगळे कागद आता आमच्याकडे आहेत. तुमचं मृत्युपत्रही आहे.’ त्याला मृत्युपत्राचं साल माहीत होतं, दोन्ही साक्षीदारांची नावं माहीत होती, मनीषनगरच्या प्लॉटचा नंबरसुद्धा त्याने न अडखळता सांगितला. एवढं सगळं सांगणारा माणूस खोटा असेल असं ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या मनात यावं तरी कसं? आधी फाइल शोधण्याचे म्हणून 3,500 रुपये घेतले. मग म्हणाला, मृत्युपत्राची पंधरा वर्षं भरत आली, नूतनीकरण केलं नाही तर ते रद्द होईल आणि प्लॉट सरकारजमा होईल. त्याचे 12,000. दोन्ही वेळा व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. पावती मागितली तर ‘फायलीसोबत येईल’.

यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि हे प्रत्येक घरात माहीत असलंच पाहिजे. मृत्युपत्राला मुदत नसते. नूतनीकरण नावाचा प्रकार कायद्यात नाहीच. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही कायद्याने सांगितल्याप्रमाणे झालेली असेल, तर साध्या कागदावरचं मृत्युपत्रही चालतं. आणि मृत्युपत्र नसलं म्हणून वारस असलेल्या घराची मालमत्ता सरकार नेत नाही. हिंदू पुरुषाच्या बाबतीत 1956 च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ती पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई यांच्यात सारखी वाटली जाते.

काही दिवसांनी कुरिअरने हिरव्या कव्हरची फाइल आली. वरवर पाहिलं तर तेच मृत्युपत्र, तीच सही. बाबा हयातभर शाईच्या पेनाने सही करत आले आहेत, तेही दाबून. मी पान उलटून मागून बोट फिरवलं, कागद गुळगुळीत. ओलं बोट सहीच्या टोकावर टेकवलं, शाई जराही फुटली नाही. मग समासाकडे लक्ष गेलं. तिथे पंचिंगच्या दोन भोकांच्या जागी दोन करड्या वर्तुळांची छपाई होती आणि फायलीत अडकवायला पाडलेली खरी भोकं त्यांच्या बोटभर खाली होती. म्हणजे जुनी प्रत कधीतरी स्कॅन झाली होती आणि हा तिचा रंगीत प्रिंट होता. तसं विचारताच त्याचा सूर बदलला. मूळ प्रत ‘सरकारी कस्टडीत’ आहे, सोडवायला आणखी 25,000 लागतील म्हणाला. नंतर नंबर बंद.

वकील संघाच्या कार्यालयात चौकशी केल्यावर वकीलसाहेबांच्या एका ज्युनियरचा पत्ता लागला. भला माणूस. साहेबांनी जाताना कागदांची पेटी त्यांच्याकडे दिली होती, सोबत हाताने लिहिलेली यादी. ऑफिसचा जुना कॉम्प्युटर मात्र सामानासोबत विकला गेला होता. स्कॅन तिथूनच बाहेर गेले असावेत. ते कोणी नेले हे शोधणं पोलिसांचं काम आहे, मी कोणावर बोट ठेवत नाही.

बाबांची मूळ प्रत पेटीत सापडली नाही. पण आमच्या शेजारच्या काकांची सापडली, आणि ते ऐकून मला रडूच आलं. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्याकडे आलेल्या त्याच नंबरवरून काकूंकडे 40,000 मागितले होते आणि त्या बिचाऱ्या बांगड्या मोडायच्या विचारात होत्या. ज्युनियर वकिलांनी आधार कार्ड आणि काकांचा मृत्यू दाखला पाहिला, पोच लिहून घेतली आणि मूळ मृत्युपत्र हातात दिलं. एक रुपया घेतला नाही.

आमच्यापेक्षा काकूंची अडचण कितीतरी मोठी होती. करणारा माणूस हयात असेल तर जुन्या कागदामागे धावायची गरजच नाही, नवीन मृत्युपत्र करता येतं. तो गेला असेल तर मूळ प्रतीचं मोल फार. हरवलेल्या मृत्युपत्राची प्रत जपलेली असेल तर तिच्या आधारे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळण्याची सोय 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 237 मध्ये आहे, पण ती वाट दमवणारी आहे. म्हणूनच हे भामटे विधवा बायका आणि म्हातारी माणसं हेरतात. घरची झेरॉक्स फालतू म्हणून फेकू नका, ती याच वेळी कामी येते.

‘कागद आमच्याकडे आहेत, पैसे द्या मग देतो’ हे खऱ्या वकिलालाही म्हणता येत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलं आहे की फी थकली असली तरी वकिलाला पक्षकाराचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत. अडकवलेच तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. आणि लबाडीने मृत्युपत्र लपवणं किंवा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 343 खाली गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. समोरचा दमदाटी करू लागला तर हा कलम नंबर शांतपणे सांगा.

बाबांनी नवीन मृत्युपत्र केलं. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. जुनी मूळ प्रत कुठे आहे कळत नव्हतं, त्यामुळे हे वाक्य फार गरजेचं होतं. साक्षीदार बाबांपेक्षा वयाने बरेच लहान घेतले, कारण पुढे वाद झाला तर साक्षीदारालाच कोर्टात उभं राहावं लागतं आणि जुन्यांपैकी एक तर केव्हाच वारले. डॉक्टरांचा दाखला जोडला आणि यावेळी दुय्यम निबंधकांकडे रजिस्ट्री केली. रजिस्ट्री झालेल्या मृत्युपत्राची नक्कल तिथल्या पुस्तक क्रमांक 3 मध्ये, म्हणजे मृत्युपत्रांच्या नोंदवहीत राहते. हयातीत तिची प्रत फक्त करणाऱ्याला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला मिळते, मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही. म्हणजे घरातली मूळ प्रत गहाळ झाली तरी सगळं संपत नाही.

आणखी एक सोय आहे, जी मी विचारलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवायला देता येतं. पाकिटावर नाव आणि आत काय आहे ते लिहायचं. ते त्याची नोंद पुस्तक क्रमांक 5 मध्ये करतात आणि पाकीट अग्निरोधक पेटीत ठेवतात. हयातीत परत मागता येतं. मृत्यूनंतर अर्ज केला की अर्जदारासमोर उघडून त्याची नक्कल पुस्तक 3 मध्ये उतरवतात. वकिलाचं ऑफिस आज आहे, उद्या नाही. हे कार्यालय कुठे पुण्याला जायचं नाही.

ज्यांचे वकील वयस्क आहेत त्यांनी या आठवड्यातच जाऊन मूळ प्रत मागून घ्यावी. ठेवायचीच असेल तर तारीख, पानांची संख्या आणि ऑफिस बंद झाल्यास कागद कोणाकडे जातील, हे लिहिलेली सहीची पोच घ्यावी. ऑफिस आधीच बंद झालं असेल तर वकील संघात विचारा, ज्युनियर शोधा, आणि स्वतःहून फोन करणाऱ्याला पैसे देऊ नका.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. तुमच्या घरी असाच फोन आला असेल तर तो नंबर, क्यूआर कोड आणि व्यवहार क्रमांक पुसू नका. लाजून गप्पही बसू नका. जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच मागून घ्या.