स्लाइडवे ऑइल: जुन्या बॉक्स-वे व्हीएमसीवरील वापरानंतरचा अनुभव

शिरोली एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात बिडाच्या हाउसिंगवर काम करणारे एक जुने बॉक्स-वे व्हीएमसी आहे, म्हणजे सपाट घासत्या स्लाइडवर टेबल सरकणारे संगणक-नियंत्रित उभे मिलिंग मशीन. ते विकत घेतले तेव्हा त्याच्या ल्युब (वंगण) टाकीत 68 ग्रेडचे हायड्रॉलिक ऑइल होते. गेल्या दिवाळीपासून आम्ही त्यात मोबिलचे व्हॅक्ट्रा ऑइल नंबर 2 हे स्लाइडवे ऑइल, म्हणजे मशीनच्या सरकत्या स्लाइडसाठीचे तेल, वापरत आहोत, आणि मधला उन्हाळा-पावसाळा पाहिल्यावर त्याविषयी खात्रीने लिहीत आहे.

दोन्ही तेलांचा ग्रेड 68 असल्यामुळे अनेक ठिकाणी ती एकच समजली जातात. वास्तविक हा आकडा 40 अंश सेल्सिअसला तेलाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) 61.2 ते 74.8 सेंटिस्टोक आहे एवढेच सांगतो. जड टेबल अगदी कमी फीडने (वेगाने) सरकते तेव्हा स्लाइडवरचा तेलाचा थर दबून पातळ होतो. अशा वेळी स्थिर घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असेल, तर टेबल आधी अडते आणि मग झटक्याने सुटते. स्लाइडवे ऑइलमधील ॲडिटिव्ह नेमका हा फरक कमी करतात आणि तेल पृष्ठभागाला धरूनही ठेवतात. आमच्याकडे गोलाकार मिलिंगमध्ये अक्ष दिशा बदलतो तेथे उमटणारी खूण बरीच फिकी झाली. पूर्ण गेली नाही, कारण बॅकलॅशमुळे (स्क्रू-नटमधील ढिलाईमुळे) येणारा तिचा भाग तेलाने जात नाही. त्यासाठी टेबल सरकवणारा बॉल स्क्रूच पाहावा लागतो.

माझ्या मते मोठा फायदा कूलंटमध्ये, म्हणजे कापताना सोडल्या जाणाऱ्या थंड करणाऱ्या द्रवात, झाला. स्लाइडवर सोडलेले तेल परत ल्युब टाकीत येत नाही, ते अखेरीस कूलंटमध्येच उतरते. पूर्वीचे तेल त्यात मिसळून दुधाळ साय धरत असे, तिच्यात बिडाची बारीक भुकटी अडके, आणि साप्ताहिक सुट्टीनंतर कूलंटची टाकी उघडताच कुजका वास येई, कारण तेलाखाली हवा न पोहोचल्याने तेथे जिवाणू वाढतात. आताचे तेल स्वच्छ वेगळे तरंगते. सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी, कूलंट स्थिर असतानाच, बेल्ट स्किमर (तरंगते तेल पट्ट्याने उचलणारे यंत्र) चालवला की बहुतेक तेल निघून जाते. कूलंट प्रत्येक कंपनीचे निराळे असते, म्हणून खरेदीपूर्वी पारदर्शक बाटलीत आपले कूलंट आणि नवे तेल एकत्र हलवून रात्रभर ठेवावे आणि सकाळी थर वेगळे झालेले दिसले तरच ते घ्यावे.

तक्रारी दोन आहेत. हे तेल हायड्रॉलिक ऑइलपेक्षा महाग पडते, आणि चिकटपणामुळे वायपरपाशी (स्लाइड पुसणाऱ्या पट्टीपाशी) भुकटी साचते, त्यामुळे वायपर वरचेवर पुसावे लागतात. ड्रम उघड्यावर उभा ठेवू नये. झाकणावर साचलेले पावसाचे पाणी, दिवसा तापून रात्री थंड होणारा ड्रम बुचातून आत ओढून घेतो.

उभ्या स्लाइडवरून 68 लवकर ओघळत असेल तर 220 ग्रेडचे नंबर 4 मिळते, मात्र ल्युब पंप आणि तेल मोजून सोडणारे मीटरिंग व्हॉल्व्ह तेवढे जाड तेल ढकलू शकतात का, हे मशीनच्या मॅन्युअलमध्ये आधी पाहावे. लिनिअर गाइडच्या (रुळावर गोळ्या किंवा रोलरवर सरकणाऱ्या) मशीनना तर माझा हा अनुभव जसाच्या तसा लागू करू नये, कारण त्यांतील काहींना ग्रीसच लागते.