कुत्र्यासाठी बॉल: टेनिसचा की जाड रबराचा?

घरातल्या कुत्र्याचा पहिला बॉल बहुतेक वेळा पोरांच्या क्रिकेटमधूनच येतो. टेनिस बॉल स्वस्त मिळतो, उसळतो छान, हरवला तरी कोणी हळहळत नाही. तो कुत्र्याला द्यावा की नाही, हे मात्र कुत्रा बॉलचं काय करतो त्यावर ठरवा. काही कुत्रे धावत जाऊन आणतात, पायाशी टाकतात आणि ‘पुन्हा फेक’ म्हणून बघत उभे राहतात. काही तो घेऊन थेट पलंगाखाली शिरतात आणि चावत बसतात.

पहिल्या प्रकारच्या कुत्र्याला टेनिस बॉल चालतो, तोही खेळापुरता. खेळ संपला की कपाटावर. त्याच्यावरची लोकर-नायलॉनची लव लाळेने ओली होते, तिच्यात माती आणि वाळू रुतते, आणि मग तो बॉल दातांना पॉलिश पेपरसारखा घासतो. रोज चावणाऱ्या कुत्र्याचे सुळे असेच बोथट होतात.

मोठा धोका वेगळाच आहे. टेनिस बॉलचा व्यास साधारण ६.७ सेंटीमीटर, आत पोकळ. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डने दाढांखाली दाबला की तो चपटा होतो, मागे सरकतो आणि घशाशी जाऊन पुन्हा फुगतो. फुटलाच तर त्याचा वाटीसारखा अर्धा तुकडा गिळला जाऊ शकतो.

चावणाऱ्यासाठी म्हणूनच जाड नैसर्गिक रबराचा बॉल. महाग पडतो, पण टेनिसचे बॉल फाडून होतील तेवढ्या काळात तो नुसता चरे घेऊन फिरत असतो. विकत घेताना अंगठ्याचं नख रुतवून बघा. किंचित दबलं पाहिजे. दगडासारखा कडक बॉल टिकतो खरा, पण दाढ तुटू शकते. भरीव आणि जड बॉल तर हवेत फेकून झेलायला लावूच नये.

खाऊ भरायचा पोकळ बॉल घेणार असाल, तर त्याला आरपार किमान दोन भोकं हवीत. एकच भोक असलं की चाटताना आतली हवा ओढली जाते, जीभ अडकते आणि सुजते. ‘काँग’ हे प्रसिद्ध रबरी खेळणं काढणाऱ्या अमेरिकेतल्या जो मार्कहॅमचा जर्मन शेफर्ड दगड चघळायचा. त्याने तो नाद सोडला तो फोक्सवॅगन गाडीच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग हाती लागल्यावर! चावऱ्या कुत्र्याला नेमकं काय हवं असतं, ते त्यावरून कळतं.

सीझन बॉल नकोच. आतला कॉर्क आणि दोरा पोटात गेला की दोरा आतडं आवळतो, आणि मग ऑपरेशनशिवाय सुटका नसते. प्लॅस्टिकचा बॉल फुटून धारदार कडा सुटतात. शिट्टीच्या बॉलवर कुत्रे फिदा असतात, पण बऱ्याच जणांना खरा रस ती शिट्टी उपटून काढण्यात असतो. असा बॉल तुमच्या नजरेसमोरच द्या.

मापात चूक करायची तर मोठ्या बाजूला करा. बॉल तोंडात धरता यावा, पण दाढांच्या मागे जाता कामा नये. घरात पग आणि लॅब दोघं असतील, तर बॉल लॅबच्या मापाचा घ्या. पगला तो नाकाने ढकलावा लागेल, ढकलू दे.