ड्रायव्हिंग स्कूलच्या वहीवर आधीच सह्या करू नका

आईला गाडी शिकायची होती म्हणून आम्ही घराजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिचं नाव घातलं. "लायसन्ससकट पॅकेज आहे, तुम्हाला कुठं फिरावं लागणार नाही," म्हणत त्यांनी सगळे पैसे आधीच घेतले. पावती म्हणून मिळाली नुसती एक चिठ्ठी, त्यावर शाळेचा परवाना क्रमांकही नव्हता.

पहिल्याच दिवशी आईपुढे एक वही आली. "काकू, सगळ्या सह्या आत्ताच करून टाका, रोज गडबडीत राहून जातं." ही वही म्हणजे फॉर्म १५. शिकणाऱ्यानं कोणत्या दिवशी किती वेळ गाडी चालवली, याची त्यात नोंद असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी कारसाठी निदान १० तास प्रत्यक्ष चालवायला मिळायला हवेत. आईचे ते तास कागदावर त्याच दिवशी भरले!

खरा क्लास अर्ध्या तासाचा. त्यातला निम्मा वेळ पुढच्या मुलाला आणायला नाहीतर सीएनजीच्या रांगेत जायचा. उरलेल्या वेळात आई स्टिअरिंग धरायची आणि सर म्हणायचे, "मस्त जमतंय." शिकवण्याच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. मामाच्या गाडीत बसल्यावर तिनं पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर गाडी धक्का खाऊन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. इतके दिवस क्लच सरच सांभाळत होते. ही बाई लायसन्स घेऊन रस्त्यावर उतरली असती तर, या विचारानं मला अजून धडकी भरते.

मग "ट्रायलला सेटिंग करावी लागते" म्हणून आणखी तीन हजार मागितले. सरकारी फी बघा: शिकाऊ लायसन्सचे १५० आणि परीक्षेचे ५०, पक्क्यासाठी चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००, वर किरकोळ खर्च. आम्ही नकार दिल्यावर ते टाळाटाळ करू लागले. शिकाऊ लायसन्स सहाच महिने चालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्ज क्रमांक मागितला तेव्हा कळलं, सारथी या लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवरच्या अर्जात मोबाइल नंबरही त्यांचाच! ओटीपी सगळे त्यांच्याकडे.

पैसे परत मिळालेले नाहीत. या शाळांना परवाना परिवहन खातंच देतं, म्हणून आम्ही आरटीओत लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे. तुम्ही नाव घालणार असाल तर परवाना भिंतीवर लावलेला बघा, अर्जात स्वतःचाच नंबर घाला, आणि सही त्या दिवशीची, गाडीतून उतरल्यावरच करा. सरांना एकदा तरी पाय बाजूला घ्यायला सांगा, मोकळ्या मैदानात.