कोबाल्ट मशीन की लिनॅक?

कॅन्सरचा शेक, म्हणजे किरणोपचार, दोन्ही मशीनवर देता येतो: एकात कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचे किरण, तर लिनॅकमध्ये (लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर) विजेवर तयार केलेले. कोबाल्ट-60 चा स्रोत मात्र कधीच विझत नाही. मशीन थांबवलं की तो फक्त जाड कवचाआड जातो. शिवाय साधारण सव्वापाच वर्षांत त्याचा जोर निम्म्यावर येतो, म्हणजे तेवढ्याच डोससाठी पेशंटने टेबलावर दुप्पट वेळ न हलता पडून राहायचं. जुना स्रोत ठेवायचा कुठे, ही आणखी डोकेदुखी.

लिनॅकची वीज गेली की किरण बंद. खोलवरच्या गाठीवर, शेजारचे अवयव वाचवत नेम धरण्यात ते सरसच. पण महाग, आणि वीज-देखभालीचे लाड फार. जिल्ह्याच्या गावी बंद पडलेल्या लिनॅकपेक्षा भाभा अणुसंशोधन केंद्राचं चालू ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट मशीन मी केव्हाही पत्करेन. डोक्या-मानेच्या बऱ्याच गाठींना ते पुरतं.