पळवाटा शोधणारा मित्र टेबलावर असेल तर: डंजन्स अँड ड्रॅगन्स की पाथफाइंडर?

मे महिन्याच्या दुपारी कूलरपुढे बसून आमच्या धरमपेठेतल्या गटाने फाशांवर आणि कल्पनेवर चालणारे हे दोन्ही रोल-प्लेइंग (भूमिका वठवायचे) खेळ चालवले आहेत. नवा गट जमवताय आणि "मनाई कुठे लिहिली आहे, दाखव ना बे" म्हणणारा मित्र त्यात असणार असेल, तर हे वाचा.

डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती (२०१४) शिकायला सोपी, पण तिच्यात मल्टिक्लासला, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लास (पात्रांचे पेशे) मिसळायला, मोकळं रान आहे. आमच्याकडे वाद पेटला तो 'कॉफीलॉक'वरून, म्हणजे वॉरलॉक आणि सॉर्सरर या दोन जादूगार क्लासच्या मिश्रणावरून. वॉरलॉकचे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) तासाभराच्या विश्रांतीत परत येतात. सॉर्सरर ते मोडून जादूचे पॉइंट करतो, पॉइंटांतून नवे स्लॉट करतो. हे नवे स्लॉट रात्रीच्या पूर्ण विश्रांतीनंतर जातात. म्हणजे झोपायचंच नाही, साठा वाढवत राहायचं! २०१७ साली न झोपणाऱ्यासाठी थकव्याचा नियम आला, पण तो ऐच्छिक. आमच्या फायटर (लढवय्या) खेळणाऱ्या मैत्रिणीला लढाईत करायला काही उरेना, तेव्हा डीएम (खेळ चालवून निकाल देणारा) म्हणून मी ते बंद केलं. राक्षस लवकर मेला तर चालतं, पण टेबलावरचं कोणी रिकामं बसून राहिलेलं मला चालत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या सुधारित नियमांतली डीएमसाठीची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. हजारो शेतकऱ्यांची रांग लावून सहा सेकंदांत काठी हातोहात पलीकडे पोचवायची आणि तिच्या वेगाचं डॅमेज (इजा) मागायचं, ही जुनी युक्ती तिथे संपते. तरी वाद झालाच तर निकाल डीएमलाच द्यावा लागतो.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) दुसऱ्या क्लासचं काही हवं तर आपल्या क्लासचे फीट (खास कौशल्यं) सोडावे लागतात, त्यामुळे असा कॉफीलॉक जमतच नाही. प्रत्येक पाळीत तीन ॲक्शन (कृती). त्याच पाळीतल्या दुसऱ्या हल्ल्याच्या फाशाला साधारण उणे ५, तिसऱ्याला उणे १०. गरजेपेक्षा १० जास्त आले की क्रिटिकल (जबर फटका), म्हणून साध्या +१ लाही मोल येतं. चौघांसाठी मध्यम लढाई ८० एक्सपीची (अनुभवगुणांची), हे गणित माझ्या टेबलावर क्वचितच चुकलं. नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

पण वाचावं फार लागतं. "पडदा ओढून गॉब्लिनवर टाकतो" म्हटलं की त्याला फीट लागतं का, हे शोधण्यात दहा मिनिटं जातात आणि रंग उतरतो.

सगळे नवखे असतील तर २०२४ चे नियम घ्या, सुरुवातीला मल्टिक्लास बंद ठेवा. निम्मा गट गणितात रमणारा असेल तर पाथफाइंडर. आम्ही सध्या तेच खेळतो. कॉफीलॉकवाला मित्र आता फायटरच्या पाळीआधी शत्रूला घाबरवून त्याचा बचाव एकाने उतरवतो.