शेअर केलेला प्रिंटर की थेट आयपीवर?

विंडोजवर एकच प्रिंटर अनेकांना वापरायचा असेल, तर दोन वाटा आहेत: तो एका मशीनला जोडून बाकीच्यांशी शेअर करणं, किंवा प्रत्येक मशीनवरून थेट प्रिंटरच्या आयपीवर (नेटवर्कवरच्या पत्त्यावर) छापणं. प्रिंटरला नेटवर्क पोर्ट असेल, तर शेअरिंगच्या वाटेला जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेअरिंग सोपं वाटतं, कारण यूएसबीने एका मशीनला लावलं की बाकीच्यांना ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) तिथूनच मिळतो. पण ते मशीन बंद असलं की सगळ्यांचंच काम खोळंबतं. एक जॉब (छपाईचं काम) अडकला की मागची अख्खी रांग थांबते. जॉब ‘डिलीटिंग’वरच बसून राहिला, तर मुख्य मशीनवर सर्व्हिसेस उघडून प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा, विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरमधल्या ‘स्पूल’च्या आत ‘प्रिंटर्स’ फोल्डर आहे, त्यातल्या फायली पुसा (फोल्डर मात्र ठेवा) आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. त्या क्षणी इतरांचे जॉबही जातात, तेव्हा आधी सर्वांना सांगा. शिवाय 2021 मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ ही स्पूलरच्या सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले. आता शेअर प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला सहसा अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात.

थेट आयपीत ड्रायव्हर प्रत्येक मशीनवर टाकावा लागतो, तेवढी मेहनत एकदाच. रांग ज्याची त्याची, म्हणून बिघाड कुठे आहे ते पटकन कळतं. प्रिंटर चालू असून ‘ऑफलाइन’ दिसला, तर बहुतेकदा राउटरने त्याचा आयपी बदललेला असतो. तो आयपी राउटरमध्ये प्रिंटरसाठी राखून ठेवा. पिंगला (प्रिंटर नेटवर्कवर आहे का ते तपासणाऱ्या कमांडला) उत्तर येत असूनही ऑफलाइनच दिसत असेल, तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती नेटवर्कवरून विचारण्याच्या सोयीची) खूण काढून पाहा.

नेटवर्क पोर्ट आणि वायफाय नसलेल्या जुन्या प्रिंटरला मात्र शेअरिंगच करावं लागेल.